हिरव्या ठिपक्यांचा छडा

स्क्रीनवरच्या पलंगावर चादर अंथरली गेली, अंकिताने माउसने ती जरा फिरवली, आणि मोराच्या पिसाऱ्यात हिरवे ठिपके उगवले. तिने ते काढलेले नव्हते. बघता बघता ठिपक्यांच्या रेघा झाल्या, रेघांनी पलंग गिळला आणि स्क्रीन काळी पडली. टेबलाखालच्या सीपीयूचा दिवा मात्र काहीच घडलं नाही अशा थाटात जळत होता.

दसऱ्यापासून हे असंच चाललं होतं. वळसंगला माहेरी आठवडाभर राहून ती भवानी पेठेत सासरी परतली, तेव्हापासून डेस्कटॉपने डोळे फिरवले होते. साधं काम करताना अगदी गुणी बाळ. चादरीचं फिरतं चित्र करायला घेतलं की थोड्याच वेळात अंधार. आणि नेमकं तेच चित्र आज संध्याकाळी पाचला अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात शेठना दाखवायचं होतं. शेठ नव्या नक्ष्या काढणारं माणूस शोधत होते. मिळालं तर अंकिताचं ते पहिलं काम ठरणार होतं.

"दुकानात टाकू की. नवं कार्ड घालून देतील," नवरा शिवराज सकाळी निघताना म्हणाला होता. पण दुकानवाला दोन दिवस ठेवून घेणार. शिवाय अंकिताला आधी कळायला हवं होतं, बिघडलंय काय? लहानपणी घरातलं भिंतीवरचं घड्याळ खोलून बसणारी पोर ती. कारण न कळता दुरुस्त झालेली वस्तू तिला अर्धी बिघडलेलीच वाटे.

आणखी एक सल होता, तो ती कुणाला सांगत नसे. सासरे महिपती जन्मभर यंत्रमाग दुरुस्त करून, गुडघ्यांनी दगा दिल्यावर घरी बसलेले. एकदा ओट्यावर शेजारच्या चन्नप्पाला ते सांगत होते, "सून व्हय? ती खेळती की दिवसभर त्या पेटीवर." ते सहज बोलून गेले, पण हिच्या काळजाला लागलं. आज काम हुकलं तर तो खेळच ठरणार होता.

पहिला संशय स्क्रीनवर. पुन्हा चालू करून ठिपके उगवताच तिने स्क्रीनशॉट घेतला, झटकन मोबाइलवर पाठवला. मोबाइलवरही ठिपके! म्हणजे स्क्रीन बिचारी निर्दोष, आतून येईल ते दाखवत होती. चित्रांचं सगळं ओझं आतलं ग्राफिक्स कार्ड वाहत असतं. अंकिताने स्क्रीनची वायर कार्डातून काढली आणि मदरबोर्डच्या सॉकेटला लावली, म्हणजे कार्डाला सुट्टी. ठिपके गायब झाले. पण चादर अशी अडखळत फिरू लागली की बघता बघता शेठ झोपी गेले असते. चोर कार्डातच होता तर.

वायर परत जागेवर लावून तिने कार्डाचं सॉफ्टवेअर पुसून नव्याने टाकलं. चादर फिरली, तिने श्वास रोखला, आणि ठिपके हजर. मग तिने कार्डाचं तापमान दाखवणारा छोटा प्रोग्राम कोपऱ्यात उघडून ठेवला. आकडा चढत चालला. सत्तर, ऐंशी. नव्वद ओलांडले, तसा पहिला ठिपका टपकला.

"ताप चढतोय होय तुला!" ती आनंदाने ओरडली. काम अडलेलं असताना आनंद कसला, पण कोडं सुटायला लागलं की ती अशीच वेडी होत असे.

ताप म्हणजे कार्ड गार ठेवणाऱ्या पंख्याची गडबड. गल्लीत चहूकडे माग, हवेत कापसाचे तंतू, तेच अडकले असणार. तिने प्लग काढला आणि सीपीयूचा बाजूचा पत्रा सरकवला. त्याचे स्क्रू लग्नानंतर सामान आणताना हरवले होते, त्यामुळे तो नुसत्या हाताने निघे. आत तंतू नव्हतेच, दसऱ्याआधी तिनेच ब्रश फिरवला होता. कार्डाला दोन पंखे. एक बोट लावताच गरकन फिरला, दुसरा जागचा हलेना. मोबाइलचा उजेड धरून बघते तर त्याच्या आसाला पांढरा सुती दोरा गच्च गुंडाळलेला, आणि दोऱ्यात वाळून गेलेलं केशरी काहीतरी. तिने चिमट्याने ओढून काढलं. झेंडूची फुलं होती.

झेंडू? ग्राफिक्स कार्डात? दोरा उंदराने नेला म्हणावं, तर उंदीर फुलं ओवत नाही. तिने उजेड आणखी जवळ नेला. कार्डाच्या काळ्या कडेवर, बरोब्बर मधोमध, कुंकवाचं बोट उमटलं होतं.

ती तशीच फुलं तळहातावर घेऊन ओट्यावर सासऱ्यांकडे गेली. "मामा, हे तुमी घातलं?"

महिपतींनी तिच्या तळहाताकडे पाहिलं. "व्हय की. खांडेनवमीला. हत्यारं पुजायचा दिवस, तू माहेरी व्हतीस. माळ पडली व्हय खाली?"

"पंख्यात गुतली! म्हणून तर बंद पडत होतं." अंकिताचा आवाज चढला. "बाहेरून करायची की पूजा. आत कशाला?"

"बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावून काय करू? मागाच्या मोटारीला लावायचो मी, शेडच्या दाराला न्हाय. काम जितं होतंय तितं लावायचं. हितं पंखं दिसलं, म्हनलं हीच मोटार."

रागवावं की हसावं, तिला कळेना. पण मनात टोचत होतं ते तिने विचारूनच टाकलं. "चन्नप्पाकाकांना तर तुमी म्हणालात, मी खेळते म्हणून. मग खेळण्याची पूजा कशाला केली?"

महिपती चष्मा काढून धोतराला पुसत राहिले.

"तू करतीस त्याला काय म्हनत्यात, मला कुटं ठावं? इचारायची लाज वाटली," ते म्हणाले. "त्या दिवशी माजे पान्हे पुजले. पन ते आता माज्यावानीच, घरी बसलेले. घरात चालतं हत्यार म्हनलं तर तुजंच हाय की."

अंकिताला एकदम भरून आलं. तिने त्यांना हाताला धरून आत आणलं आणि शेजारी खुर्ची ओढली.

दोरा कापून निघाला. पंखा फिरला. चादर फिरू लागली आणि आकडा सत्तरला जाऊन तिथेच थांबला. एकही ठिपका नाही. महिपती आकड्याकडे बघत होते, मग मोराकडे.

"ही चादर कुनी इणली?"

"अजून कुणीच नाही. आधी मी काढते, मग ती मागावर जाते."

"म्हंजे मागाच्याबी आदी तू?"

पत्रा बसवण्यापूर्वी अंकिताने आत ब्रश फिरवला. कुंकवाचं बोट तेवढं राहू दिलं. तापमानाला त्याचा काही त्रास नव्हता. मग फिरत्या चादरीचा व्हिडिओ बनवून तिने मोबाइलवर घेतला.

पाचच्या आत महिपतींनी आपली जुनी मोपेड कारखान्याच्या गेटपाशी उभी केली. वॉचमनने म्हाताऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय काम हाय, बाबा?"

"माजं न्हाय," महिपती म्हणाले. "काम हिचं हाय. चादरीच्या नक्ष्या काढती. मी नुसता सोडाय आलोय."

अंकिता आत गेली, आणि ते गेटबाहेर लिंबाच्या सावलीत मोपेड लावून तिची वाट बघत बसले.