फक्त प्रौढांसाठी

मी एक जुना फळा आहे, बालमित्रांनो. देवळाली कॅम्पातल्या एका थिएटरच्या दाराशी चाळीस वर्षं उभा आहे. सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं. माझ्यावर खडूने सिनेमाचं नाव लिहितात. पूर्वी लष्करी छावणीतले जवान मला वाचूनच आत शिरायचे. मग मोबाइल आले आणि माझ्याकडे बघणारे कमी झाले.

यंदा वयामुळे मॅनेजर खंडेरावांना माझ्यावर लिहिणं जमेना. थिएटर झाडणाऱ्या कुसाबाई साठीनंतर साक्षरता वर्गात नुकत्याच लिहायला शिकल्या होत्या. खंडेराव त्यांना म्हणाले, "या आठवड्यात तुम्ही लिहा. वाचून माणसं आली तर ठीक, नाहीतर सोमवारी फ्लेक्स लावू. फळा भंगारात."



सिनेमा खुनाचा होता. अंधारं शहर, थकलेला पोलीस आणि त्याला भुरळ घालणारी बाई. प्रेमाचे प्रसंग धीट, म्हणून तो तुमच्यासाठी नव्हता. पेपराने पाचपैकी दोनच तारे दिले होते : 'प्रसंग भडक, शेवट फसलेला.' कुसाबाईंनी तेही प्रामाणिकपणे माझ्यावर उतरवलं आणि खाली ठळक लिहिलं, 'फक्त प्रौढांसाठी'.

शनिवारी भाजीबाजार उरकून त्यांच्या वर्गातल्या मालनबाई आल्या. बोट ठेवून त्यांनी एकेक अक्षर वाचलं. "प्रौढांसाठी... म्हंजी आपल्या वर्गासाठीच की."

तासाभरात प्रौढ साक्षरता वर्गाच्या एकोणीस बाया वह्या घेऊन हजर.

खंडेराव गडबडले. "मावशी, हा तसला सिनेमा आहे."

"तसला म्हंजी?" मालनबाई म्हणाल्या. "पणतवंडं झाली मला. तिकीट फाड."

खेळ सुटल्यावर कुसाबाईंनी विचारलं, "कसा वाटला?"

"लय अंधार," मालनबाई म्हणाल्या. "एक बल्ब लावला असता तर खुनी लवकर घावला असता. पण त्या बाईचा मला शेवटपत्तोर संशय नाय आला. पेपरवाल्याला काय कळतंय. माझे चार तारे."

"मी तर तसल्या टायमाला डोळे मिटले," धोंडाबाई म्हणाल्या.

"मग पदराआडून कोण बघत व्हतं?" मालनबाईंनी विचारलं.

कुसाबाईंनी पेपराच्या ओळीखाली लिहिलं, 'मालनबाई : अंधार लय. शेवट झ्याक. चार तारे.'

रविवारी लोक माझ्यापुढे थांबून हसू लागले, फोटो काढू लागले. संध्याकाळी बाल्कनीही भरली.

सोमवारी फ्लेक्सवाला माप घ्यायला आला. खंडेराव म्हणाले, "या बायांचं मत दर सिनेमाला नवं असणार. तू किती वेळा छापशील? जा बाबा."

आता प्रत्येक नव्या सिनेमाला वर्गातली एक बाई माझ्यावर आपलं मत लिहिते. मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी उशिरा अक्षरं गिरवत असेल. ती वाकडी असतील, पण त्यांना हसू नका. आणि माझ्यासारखा फळा दिसला तर खुशाल पुसा. फक्त आधी पूर्ण वाचा.