चिंचेच्या बुंध्यातली कीड

त्र्यंबक रस्त्यालगतची जुनी चिंच सकाळी साळूबाईंच्या अंगावर कोसळली. त्या जागीच गेल्या. क्रेन यायच्या आधीच गावाने गुन्हेगार ठरवून टाकला. चिंचेच्या सावलीने आपली द्राक्षबाग खुरटते म्हणून खंडेराव सगळ्यांशी भांडायचा. त्यानेच मुळांत अ‍ॅसिड ओतलं असणार.

मृण्मयी नाशिकच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचे नमुने आणायला ती त्याच रस्त्याने निघाली होती. गर्दी पाहून तिने स्कूटर थांबवली. मोडलेल्या बुंध्यात चाकू खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड पांढरं, तंतूतंतू झालेलं. सालीला बुरशीचा राखाडी पापुद्रा चिकटलेला. ना छत्री, ना देठ. असल्या पापुद्र्यांना पूर्वी नुसत्या दिसण्यावरून एकाच कुळात कोंबलं होतं. जनुकं तपासली तेव्हा कळलं, कुळंच काय, त्यांच्या वरचे गणही निराळे. हिचं नाव प्रयोगशाळेतच कळलं असतं. पण ही करणी अ‍ॅसिडची नव्हती, एवढं नक्की.

तेवढ्यात आरडाओरडा झाला. खंडेरावला बागेतून फरफटत आणलं होतं. साळूबाईंचा मुलगा रोहित त्याला द्राक्षमांडवाच्या लोखंडी अँगलने मारत होता. एक घाव कोपरावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मृण्मयीला स्पष्ट ऐकू आला.

ती मध्ये घुसली. "थांबा. झाड बुरशीनं कुजलंय. यानं काही केलेलं नाही."

"बाजूला व्हा, मॅडम," रोहित म्हणाला. "माझी आई गेली हाय."

"म्हणूनच सांगतेय. हे बघ."

तिने पुढे केलेला कुजक्या लाकडाचा भुगा त्याने उडवून लावला. गर्दीतून दगड आला, तिची भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं. ती खंडेरावच्या अंगावर कोसळली आणि तशीच त्याला झाकून पडून राहिली. पुढचा घाव तिच्या पाठीवर बसला. श्वासच कोंडला.

रोहितने पुन्हा हात उगारला, तेव्हा त्याची चुलती विमलाबाई हिने मनगट धरलं.

"पुरे. तुझी आई अजून झाडाखाली हाय. तिला काढायचं सोडून काय करतो तू?"

अँगल खाली पडला. रोहित धावत खोडाकडे गेला आणि नखांनी ओरबाडू लागला. ओंजळी भरभरून पांढरं लाकूड निघत राहिलं. तो थांबेना. शेवटी चौघांनी त्याला मागे ओढलं.

मृण्मयीने पोलिसांना झाडाचं सांगितलं आणि रोहितचंही. खंडेरावचा हात पुन्हा सरळ झाला नाही. गावात काहीजण अजून अ‍ॅसिडचंच म्हणतात.