ट्रकसाठी दोन झुरके

सासऱ्यांचा जुना पेट्रोल ट्रक गॅरेजच्या दारात उभा राहिला, की मिस्त्री कपाळावर हात मारून घ्यायचा. ट्रकचं काही नाही, तो तसा गरीब स्वभावाचा. पण त्याला काय झालंय, हे सासरे घरूनच ठरवून यायचे.

"जावईबापू, ऑक्सिजन सेन्सर बदला," उतरता उतरताच त्यांनी फर्मान सोडलं.

"बाबा, मागच्याच महिन्यात तुम्ही नवा बसवलात ना?"

"तोही भिकार निघाला. इंजिनचा दिवा पुन्हा लागलाय, आणि चढावर गाडी नुसती धापा टाकते."

मिस्त्रीने स्कॅनर लावला. इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी, अशी तक्रार दिसली. सायलेन्सरच्या नळीत बसलेला सेन्सर जळून आलेल्या धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि तेच सांगतो. तो थापा मारतोय, असं सासऱ्यांचं मत. मिस्त्रीला वाटत होतं, बिचारा खरं बोलतोय. पण सासऱ्यांना तोंडावर 'तुमचं चुकलं' म्हणायची छाती त्याला अजून झाली नव्हती. म्हणून त्याने हवेच्या वाटेत थोडा ज्वलनशील स्प्रे मारला. स्क्रीनवरचा आकडा टुणकन वर उडाला.

"बघा बाबा, इंधन वाढलं की लगेच सांगतोय. सेन्सर ठणठणीत आहे. हवाच कुठून तरी चोरून आत शिरतेय."

"कुठून?"

तिथेच तर गाडी अडली होती. मिस्त्रीने नळ्या चाचपल्या, कान लावला. पण खडखडाटात काही ऐकू येईना. "आत धूर सोडला असता, तर जिथून बाहेर येईल तिथे भोक," तो पुटपुटला. "पण धुराचं मशीन आपल्याकडे नाही."

सासऱ्यांचे डोळे लकाकले. त्यांनी मागेपुढे पाहिलं आणि बंडीच्या आतल्या खिशातून सिगार काढला. लेकीने, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोने, शपथ घालून तो सोडायला लावला होता.

"बाबा, अहो!"

"दोनच झुरके. कामासाठी!"

मिस्त्रीने इंजिन बंद करून गार होऊ दिलं, हवेचं तोंड फडक्याने बुजवलं आणि त्यातून एक लांब नळी पार अंगणातल्या बाकापर्यंत ओढली. पेट्रोलजवळ विस्तव नको. सासरे बाकावर मांडी घालून बसले आणि तब्येतीत धूर फुंकू लागले. चेहऱ्यावर असं सुख, की ट्रक दुरुस्त नाही झाला तरी चालेल.

तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन बायको फाटकातून आत आली.

"बाबा!"

सासऱ्यांना असा ठसका लागला, की तोंडातला सगळा धूर एका दमात नळीत गेला. इंजिनच्या मागच्या बाजूला, एका रबरी नळीच्या पोटाखालून, निळसर धुराची शेंडी वर आली.

"सापडलं!" मिस्त्री ओरडला. नळी चिरली होती, तीही खालच्या अंगाला, नजर पोहोचणार नाही अशा जागी.

बायकोने सिगार पाण्याच्या बादलीत बुडवला आणि नवऱ्याकडे वळली. "आणि तूही सामील?"

"मी फक्त नळी धरली होती," तो म्हणाला. तिला हसू आवरेना.

नवी नळी बसली, दिवा विझला. बायकोने स्वतः स्टिअरिंग धरलं आणि तिघं चढावर निघाले. ट्रक मांजरासारखा गुरगुरत वर गेला. सासऱ्यांनी डॅशबोर्डवरच्या विझलेल्या दिव्यावर बोटाने टकटक केलं.

"सेन्सर बरा होता म्हणायचा," शेवटी ते म्हणाले. मग घसा खाकरून, "पण धूर कोणाचा होता?"