थेंबाखालचा हात

मित्रांनो, मी दगडाचा एक हात आहे आणि मी भयंकर भित्रा आहे. दगडाला कसली आलीय भीती, असं म्हणून तुम्ही हसाल. खुशाल हसा, पण आधी ऐकून घ्या.

दवाखान्यासमोरच्या चौकात एक खांब आहे. त्यातून मी पुढे आलोय, तळवा आभाळाकडे करून. माझ्यावर एक वाकडा पाइप आहे आणि त्यातून माझ्या तळव्यावर थेंब थेंब पाणी पडतं. ज्या शिल्पकार बाईंनी मला घडवलं त्यांनी मुद्दाम मऊ दगड निवडला. छिन्नी चालवताना त्या माझ्याशी बोलायच्या. हे पाणी तुला झिजवत राहील, एक दिवस थेंब आरपार जाईल, तेव्हा कुठे माझं काम पुरं होईल, असं अगदी मायेनं सांगायच्या. काळ कसा जातो ते लोकांना दिसलं पाहिजे म्हणे! लोकांना दिसेल हो, पण भोक मला पडणार ना?

उद्घाटनाला टाळ्या पडल्या, फोटो निघाले. माझं सगळं लक्ष त्या पाइपच्या तोंडाशी. थेंब फुगायचा, लोंबायचा, आणि पळायला पाय नाहीत याचं मला फार वाईट वाटायचं.

वर्षं गेली. तळव्यावर आधी डाग पडला, मग खळगा झाला, मग चांगली वाटी झाली. ज्यांचं माणूस दवाखान्यात असे ती मंडळी माझ्याखालच्या कट्ट्यावर बसत. कुणी त्या पाण्याने डोळे पुसे, कुणी नुसतंच बोट बुडवून बसे. बाई अधूनमधून येत आणि खळग्यात अंगठा घालून बघत. अंगठा आणखी खोल गेला की त्या खूश, आणि माझी मात्र पाचावर धारण बसे.

मग दवाखान्यात नवा प्लंबर आला. मोठा कामसू माणूस. भर चौकात नळ गळतोय आणि कुणाला त्याचं काही नाही, असं पुटपुटत तो शिडीवर चढला आणि पाना फिरवून त्याने थेंब बंद करून टाकला. सुटलो! माझा जीव भांड्यात पडला.

पण मित्रांनो, कोरड्या वाटीत लोक काय टाकतात ठाऊक आहे? कागदी कप, फाटकी तिकिटं, चघळलेलं च्युइंगम. कट्ट्यावरची माणसं माझ्याकडे पाठ करून बसू लागली. मी वाचलो होतो आणि कचऱ्याचा डबा झालो होतो. तरी खरं सांगतो, मला तेच बरं वाटत होतं.

पुढच्या खेपेला बाई काठी टेकत आल्या. त्यांनी कचरा उपसला, अंगठा घातला, तर हाताला नुसती धूळ. प्लंबरला बोलावणं गेलं. गळती आपणच काढली, असं त्याने ताठ मानेनं सांगितलं. आता बाई चिडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी त्याला कट्ट्यावर शेजारी बसवलं आणि सगळं नीट समजावून सांगितलं. तो खजील झाला. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे बाई, हा शेवटी मरायचाच ना?"

"हो."

"मग त्याला भीती नाही का वाटणार?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. बाई काठी टेकत उठल्या. मग त्यांनी आपला हात माझ्यावर ठेवला.

"मलासुद्धा वाटते," त्या म्हणाल्या. "सोडा पाणी."

त्याने पाना उलटा फिरवला.

त्यानंतर बाई आल्या नाहीत. थेंब पडतोच आहे. माझा तळवा इतका पातळ झालाय की टिचकी मारली तर पोकळ वाजतो. भीती तसूभरही कमी झालेली नाही. तरी मला वाचवायला पाना घेऊन येऊ नका, आणि माझ्यात कचराही टाकू नका. फक्त एखाद्या दिवशी जाता जाता थेंब माझ्यातून आरपार जाऊन खालची फरशी ओली झालेली दिसली, तर तसेच पुढे जाऊ नका. थोडं थांबा, आणि माझ्याखाली तुमचा हात धरा.