डीनसाहेबांनी मुद्दाम केलेली चूक

"सर, मी आजारी पडले हा माझा गुन्हा आहे का?"

समोर उभी असलेली विद्यार्थिनी नुकतीच पोटाच्या ऑपरेशनमधून उठली होती. डॉक्टरांचं सर्टिफिकेट देऊनही तिला परीक्षेला बसू देत नव्हते. अख्खं वर्ष वाया जाणार होतं. डीनसाहेबांनी नियम वाचला आणि ते चक्रावलेच. आजारपणाचे दिवस हजेरीत मिळवायचे, तर तिथे चक्क 'वजा करावेत' असं छापलं होतं! आणि खाली सही त्यांचीच.

डीन होण्याआधी साहेबांनी उभी हयात गणित शिकवण्यात घालवली होती. फळ्यावर मुद्दाम एखादं चिन्ह चुकवायचं आणि मुलं ओरडेपर्यंत गप्प राहायचं, ही त्यांची जुनी खोड. मुलंही वस्ताद. "सर, चुकलं!" म्हणून एकच कल्ला व्हायचा. डीनच्या खुर्चीत बसल्यावरही खोड काही गेली नाही. नियमांच्या बैठकीत त्यांनी अधिकच्या जागी वजा टाकलं आणि मिशीतल्या मिशीत हसत वाट पाहिली. "वा सर, अगदी मुद्देसूद!" कोणीतरी म्हणालं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. साहेबच गोंधळले. आपण खरंच चुकवलं, की चुकवायचं म्हणता म्हणता बरोबरच लिहिलं? तेवढ्यात चहा आला, विषय बदलला आणि नियम मंजूर झाला.

विद्यार्थिनीला बसायला सांगून त्यांनी संख्याशास्त्राच्या बाईंना बोलावलं. दोघांनी वर्षानुवर्षं शेजारशेजारच्या वर्गांत शिकवलं होतं.

"बाई, तुम्हाला बैठकीत ही चूक दिसली नाही?"

"दिसली की."

"मग बोलला का नाहीत?"

"वर्गात चूक दाखवली की तुम्ही पोरांना शाबासकी द्यायचात, सर. इथे मागे एकदा मी वेळापत्रकातली चूक दाखवली, तर पुढच्या बैठकीचा मला निरोपच आला नाही."

"अहो, ते मी मुद्दाम नव्हतं केलं!"

"नसेल केलं. पण सगळ्यांनी घ्यायचा तो अर्थ घेतला. मीही तोंड मिटलं आणि भोगतेय ही पोरगी. तेवढी चूक माझीसुद्धा."

साहेबांनी रागवायचं तरी कोणावर? अरेरे! पोरांना बोलतं करणाऱ्या माणसाने मोठ्यांची तोंडं बंद केली होती!

त्यांनी विद्यार्थिनीला तिथल्या तिथे परवानगी दिली आणि दुपारी सगळ्यांना बोलावून नियम रद्द केला. "चूक माझी होती. आता कोणाला काही म्हणायचंय?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग कार्यालयाचे अधीक्षक चाचरत उठले.

"सर, याच नियमामुळे आणखी तिघांना आपण घरी पाठवलंय. त्यांना कोण सांगणार?"

साहेबांच्या कपाळावर सवयीने आठी उमटली. अधीक्षक खाली बसू लागले.

"बसू नका!" साहेब जवळजवळ ओरडलेच. "बरं झालं बोललात. आत्ता फोन लावा त्यांना!"

वाचकहो, साहेबांशी पुन्हा कसं बोलायचं, हे तिथे कोणालाच नीट कळलं नव्हतं, साहेबांनाही नाही. पण त्या तीन मुलांचं वर्ष वाचलं. साहेबांपुढे मान डोलावण्याला आपण सभ्यपणा म्हणतो. त्याची किंमत मात्र बैठकीत नसलेल्यालाच मोजावी लागते. म्हणून चूक दिसली की बोला, आणि खुर्चीत तुम्ही असाल, तर आधी कपाळावरची आठी काढा.