आक्का लिहिलेलं परत वाचायच्या

या, असे जवळ सरका. एक गोष्ट सांगतो. घाबरलेल्या माणसाची आहे, आणि तो माणूस मीच.

मी इस्पितळाच्या सर्व्हरखोलीत कामाला. तिथे एका मोठ्या यंत्रात पंधरा-वीस पाहुणी यंत्रं, नुसत्या सॉफ्टवेअरची, बिऱ्हाड करून असतात. प्रत्येकाला वाटतं, प्रोसेसर माझ्या एकट्याचा. पण वर हायपरवायझर हा यजमान बसलेला. पाहुण्याने प्रोसेसरच्या रजिस्टरात, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या कप्प्यात, काही लिहायला घेतलं, की यजमान त्याचा हात धरतो. ओळखीचं असलं तर त्याच्यापुरतं करून देतो, अनोळखी असलं तर ‘चालणार नाही’ असं तोंडावर सांगतो. तिसरीही वाट असते: लिहिलेलं गुपचूप गिळायचं आणि वर ‘झालं हो’ म्हणायचं.

त्या सकाळी नवजात बाळांच्या कक्षाचा पाहुणा आम्ही नव्या यंत्रावर हलवला. सुरू होताच आपटला. पुन्हा आपटला. मी वैतागून तिसरी वाट चालू केली, तसा उभा राहिला.

शेजारचा दाढीवाला बऱ्याच वेळाने चहा पिऊन आला, तसा मी म्हणालो, “बघ, कसा सुतासारखा सरळ आला!”

तो नोंदी वाचू लागला. “सरळ आला, का तू त्याचं तोंड दाबलंस? काय काय गिळलंय ते पाहिलंस?”

“असेल काहीतरी फालतू.”

“फालतू? अरे बाबा, हे टायमरचं रजिस्टर आहे. बाळाचा श्वास थांबला की गजर वाजतो, तो ह्याच्याच जिवावर!”

त्या कक्षात तिसऱ्या पेटीत माझ्या धाकट्या बहिणीची लेक होती. सातव्या महिन्यात आलेली, मधूनच श्वास घ्यायला विसरणारी. आणि मी तिसरी वाट धरली त्याला पाऊण तास झाला होता.

कक्षाला फोन लावला, लागेना. “तू पाहुण्याला जुन्या यंत्रावर परत ने,” एवढंच दाढीवाल्याला म्हणालो आणि पळत सुटलो. चार जिने. प्रत्येक पायरीला देवाचं नाव, पण तेही तोंडात धड येईना. वर पोचलो तर कक्षात चिडीचूप. त्या शांततेनेच माझा अर्धा जीव गेला.

दार ढकललं. प्रत्येक पेटीपाशी कुणी ना कुणी बसलेलं. तिसरीपाशी बहीण, हात पेटीत, दोन बोटं लेकीच्या छातीवर.

“आले का यंत्रवाले!” परिचारिका हळूच फिस्कारली. “मघापासून फोन करतेय. तुमचा आपला कायम गुंतलेला!”

पडद्यावर ठळक ओळ होती: ‘टायमर लागला नाही. माझ्यावर विसंबू नका. माणूस बसवा.’

“दादा, दोनदा थांबली रे,” बहीण म्हणाली. “तळपायाला टिचकी मारली, तेव्हा घेतला श्वास.”

मी पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली.

ती ओळ आक्कांची, आमच्या जुन्या प्रोग्रामरबाईंची. ह्या गजराचा प्रोग्राम त्यांनी लिहिला, आणि आमच्यातून जाऊन त्यांना तेव्हा चार वर्षं झाली होती. रजिस्टरात काही लिहिलं, की त्यांचा प्रोग्राम ते परत वाचून बघायचा. आम्ही हसायचो, “आक्का, घराचं कुलूपही तीनदा ओढून बघता ना?” त्या म्हणायच्या, “झालं म्हणणारे पुष्कळ भेटतात रे. झालंय का, ते आपण बघावं.” यजमानाने ‘झालं’ म्हटलं होतं. परत वाचल्यावर हाती शून्य आलं, आणि आक्कांचा प्रोग्राम माणसांना हाका मारत सुटला.

भाची आता जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढते. तुम्हीही कधी ‘झालं’ म्हणून हात झटकायला लागलात, तर क्षणभर थांबा, आणि आमच्या आक्कांची आठवण काढा.