खिळ्यावरची चावी

नवागामच्या त्या चाळीत बिऱ्हाडं ढीगभर आणि संडास एकच. तरी भांडण नाही. भिंतीला खिळा, खिळ्याला चावी. चावी दिसली तर घे नि जा, खिळा रिकामा असेल तर गुमान उभा राहा. ललितही लहानपणी पोट धरून त्याच खिळ्याखाली उभा राहायचा. पुढे साडीबाजारात एका शेठचा कॉम्प्युटरवाला झाला आणि खिळा विसरला मेला!

त्याच्या प्रोग्राममध्ये दोन काउंटर एकाच गोदामाचा साठा लिहायचे. साड्यांच्या शिल्लक गाठी चाळीस. दोघांनी एकाच क्षणी चाळीस वाचल्या, दहा-दहा विकल्या आणि दोघांनीही तीस लिहिल्या. पडद्यावर तीस, गोदामात वीस! मग दहा गेल्या कुठे? गोदाम सांभाळणाऱ्या, त्याच चाळीतल्या सुकदेवने खाल्ल्या! चोर सोडून संन्याशाला सुळी. हमालांसमोर खिसे उलटे करून त्याला बाहेर काढलं. तेव्हापासून तो भाऊबंदांच्या लग्नालाही गेला नाही. ललितला चूक मागाहून कळली, पण नोकरीच्या भीतीने तोंड शिवून बसला.

सुकदेवची पोर वर्षा कसली गप्प बसते! कॉम्प्युटरचा क्लास लावून ती त्याच दुकानात चिकटली. ललितने ओळखलं तिला, पण बोलणार काय? बोलला असता तर त्याचंच पाप उघडं पडलं असतं. साठा अजूनही जुळत नव्हता. वर्षाने खोट शोधली आणि प्रोग्राममध्येच खिळा ठोकला. साठा लिहायचा त्याने आधी चावी घ्यायची, लिहून झालं की टांगायची, तोवर दुसऱ्याने थांबायचं. शेठ खूश झाला. वर्षा नाही झाली. बापाची मान अजून खालीच होती.

मग लग्नसराईत, ऐन गर्दीच्या सकाळी, तिने स्वतःच चावी घेतली आणि टांगलीच नाही. दोन्ही काउंटर ठप्प. गिऱ्हाइकं ओरडायला लागली, हमाल ताटकळले, शेठ लालबुंद. ललितने कॉम्प्युटरची वीज काढून पुन्हा लावली, तरी खिळा रिकामाच. तो वर्षाकडे धावला.

"वर्षा, सोड ना गं!"

"थांबा गुमान, ललितभाऊ. लहानपणी थांबत होतातच की! ज्या हमालांसमोर माझ्या आबाची झडती झाली, त्यांच्यासमोर सांगा गाठी कुणी खाल्ल्या. मग टांगते चावी."

"काढून टाकीन तुला!" शेठ गरजला.

"काढा. मग दुकान कोण चालू करणार?"

दाराशी सुकदेव उभा होता. धुतलेली टोपी घालायला लावून तिनेच त्याला आणलं होतं. ललितने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"चोरी झालीच नव्हती," तो पुटपुटला. "चूक माझ्या प्रोग्रामची. मला ठाऊक होतं."

शेठ मटकन गादीवर बसला. वर्षाचे डोळे भरून आले. तिने चावी सोडायला हात पुढे केला, तोच सुकदेवने तिचं मनगट धरलं. उभ्या जन्मात कुणाच्या अरेला कारे न केलेला माणूस!

"थांब बेटी," तो म्हणाला आणि मागे उभ्या हमालांकडे बोट दाखवत ललितकडे वळला. "आखो एक डाव सांग भाऊ. मांगे उभा शेतस, त्यासले ऐकू उनं नही."